एका माणसाचे किती आजार?

जिंतूर तालुक्यातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळच्या वेळी शंभर माणसे आली आहेत असे समजा. कोणी तापासाठी आले आहे, कोणी गुडघ्यांसाठी, तर कोणी संपलेल्या गोळ्या पुन्हा घेण्यासाठी. या शंभरांपैकी किती जणांना दोन किंवा त्यांहून अधिक दीर्घकालीन आजार असतील? प्रश्न मोजणीचा आहे आणि मोजणीच्या प्रश्नाला एकच उत्तर असावे अशी आपली अपेक्षा असते. जगभरच्या अभ्यासांतून मिळालेले उत्तर मात्र चक्रावून टाकणारे आहे. कॅनडातील मार्टिन फोर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली अशा अभ्यासांचा आढावा घेतला. पंचाहत्तर वर्षे वयाच्या, प्राथमिक आरोग्यसेवेत येणाऱ्या रुग्णांत हे प्रमाण एका अभ्यासात ३.५ टक्के, तर दुसऱ्या एका अभ्यासात ९८.५ टक्के निघाले होते!

माणसे देशोदेशी वेगळी असतात हे खरे. पण इतकी वेगळी खासच नसतात. फरक माणसांत कमी आणि मोजपट्टीत जास्त आहे. एका व्यक्तीला एकाच वेळी दोन किंवा अधिक दीर्घकालीन आजार असणे याला आपण 'बहुव्याधी' म्हणू. ही बहुव्याधी मोजण्यासाठी आज जी साधने वापरली जातात ती नेमके काय मोजतात, आणि जिंतूरसारख्या तालुक्यात ती वापरली तर हाती काय लागेल, याचे परीक्षण करण्याचा येथे विचार आहे. विषय वैद्यकाचा वाटला तरी गाभा गणिताचा व मापनशास्त्राचा आहे. म्हणूनच तो शिक्षकांपुढे मांडावासा वाटतो.

यादी किती लांबीची?

पहिली अडचण अगदी साधी आहे. 'दोन किंवा अधिक आजार' म्हणताना कोणत्या यादीतले दोन? ५६६ अभ्यासांचा एक आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत आखूड यादी २ आजारांची, तर सर्वांत लांब २८५ आजारांची होती. याद्यांची मध्यगा होती १७.

यादीच्या लांबीने काय होते हे दहावीच्या संभाव्यतेच्या गणिताने पाहता येते. एका गावात प्रत्येक दीर्घकालीन आजार दर शंभरांत दहा जणांना आहे आणि एका आजाराचा दुसऱ्याशी काही संबंध नाही असे धरू. यादीत ५ आजार असतील तर एकही आजार नसण्याची संभाव्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ०.५९० आहे, नेमका एक आजार असण्याची ०.३२८. उरले ०.०८१. म्हणजे गावातील सुमारे ८ टक्के लोक बहुव्याधिग्रस्त ठरले. आता यादी १० आजारांची करा. हेच प्रमाण २६ टक्क्यांवर जाते. यादी २० आजारांची केली तर ते ६१ टक्के होते. गाव तेच आणि माणसेही तीच. बदलला तो फक्त कागद.

प्रत्यक्षात आजार एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. मधुमेह आणि उच्च रक्तदाब पुष्कळदा जोडीने येतात, क्षय आणि मधुमेह यांचेही नाते आहे. त्यामुळे खरे आकडे याहून वेगळे येतील. पण दिशा हीच राहील. यादी न सांगता दिलेली बहुव्याधीची टक्केवारी म्हणजे एकूण गुण किती होते हे न सांगता 'मुलाला बेचाळीस गुण मिळाले' असे सांगण्यासारखे आहे.

आपल्याकडे गावपातळीवर आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो अर्ज भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, हालचाल आणि घराण्यातील आजार यांना गुण दिलेले असतात. चारपेक्षा जास्त गुण झाले की तपासणीला प्राधान्य मिळते. तपासणीचा भर पाच आजारांवर आहे: उच्च रक्तदाब, मधुमेह, आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग. या पाचांपैकी दोन केवळ स्त्रियांसाठी तपासले जातात, म्हणजे पुरुषाच्या वाट्याला तीनच उरतात. तेव्हा या यादीवरून बहुव्याधी मोजायची ठरवली तर ती व्यवहारात 'बीपी आणि शुगर दोन्ही असणारे' एवढीच मोजली जाईल. हा अर्ज त्यासाठी केलेला नाही. जोखीम ओळखून माणसाला तपासणीपर्यंत आणणे हे त्याचे काम आहे, आणि ते उपयोगाचे आहे. दोष अर्जाचा नाही. एका कामासाठी केलेल्या पट्टीने दुसरेच काही मोजण्याच्या मोहापासून सावध राहावे, इतकेच आमचे म्हणणे.

दारात आलेले आणि घरी राहिलेले

दुसरी अडचण छेदाची. टक्केवारी कशाची काढायची? गावातील सर्व लोकांची, की दवाखान्यात आलेल्यांची?

पुन्हा एक कल्पित गाव घेऊ. वस्ती शंभर; पैकी वीस जणांना बहुव्याधी आहे आणि ते महिन्यातून एकदा, म्हणजे वर्षात बारा वेळा दवाखान्यात येतात. उरलेले ऐंशी जण वर्षातून दोनदाच येतात. वर्षभरात भेटी झाल्या २४० अधिक १६०, एकूण ४००. दवाखान्याच्या दारात बसून येणाऱ्या प्रत्येकाची नोंद केली तर बहुव्याधीचे प्रमाण ६० टक्के दिसेल. गावात मात्र ते २० टक्केच आहे. जो वारंवार येतो तो वारंवार मोजला जातो.

याच्या उलटही घडते. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती उन्हाळ्यात परततात. या काळात गावात मोजणी केली तर कष्टकऱ्यांचा एक मोठा गट मोजणीतून निसटतो. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून गुडघे दाखवायला कोणती बाई येईल? आणि ज्यांना चालवत नाही, ज्यांना कोणी गाडीवर बसवून आणत नाही, ते सर्वांत आजारी लोक तर दारापर्यंत पोहोचतच नाहीत. जिंतूर तालुक्याचा काही भाग डोंगराळ आहे. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा आपल्याकडील मानक आहे. पण लोकसंख्येचा मानक पाळला म्हणून अंतर कमी होत नाही.

रुग्ण कशासाठी आला आणि त्याला काय आहे, या दोन गोष्टीही वेगळ्या आहेत. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने १ फेब्रुवारी २०११ या एका दिवशी देशातील ८८० शहरे-गावांतील ७,४०० डॉक्टरांकडे आलेल्या २,०४,९१२ रुग्णांची नोंद करण्यात आली. एका दिवसात इतके मोठे चित्र टिपणे ही मोठीच कामगिरी होती. निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांना श्वसनसंस्थेच्या तक्रारी होत्या, आणि सर्वांत जास्त आढळलेले लक्षण ताप हे होते. पण एका दिवसाच्या चित्रात तापाने आलेल्या माणसाचा जुना मधुमेह दिसेलच असे नाही. आपल्या केसपेपरवरही निदानासाठी सहसा एकच ओळ असते. त्या ओळीत आजचा आजार मावतो. दहा वर्षांचे आजार मावत नाहीत.

विचारून कळते ते

मग सरळ रुग्णालाच विचारावे हे बरे. भारतातील प्राथमिक सेवेसाठी मुद्दाम तयार केलेली अशी एक प्रश्नावली आहे. ती ओडिशात भुवनेश्वर येथे संघमित्रा पती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. उद्या कोणी ती मराठीत आणून जिंतूरला वापरायची म्हटले तर ती कसोटीला उतरेल काय, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आधी तिचे गुण सांगितले पाहिजेत. परदेशी प्रश्नावली जशीच्या तशी न उचलता केसपेपर चाळून आणि जाणकारांशी चर्चा करून ती बांधली गेली. आजारांच्या यादीबरोबर आजारांची तीव्रता, दवाखान्याच्या फेऱ्या आणि जगण्याची प्रत यांविषयीही तीत प्रश्न आहेत. प्रथम ती १२ जणांना देऊन प्रश्न समजतात का हे पाहिले. मग चार दवाखान्यांतील १०३ रुग्णांना तीच प्रश्नावली काही काळाने पुन्हा देऊन उत्तरे जुळतात का हे तपासले, आणि १६ रुग्णांना दोन वेगवेगळ्या मुलाखतकारांनी प्रश्न विचारून पाहिले. दोन मुलाखतकारांच्या नोंदींतील मेळ ०.७८ ते १ इतका चांगला आला.

हा मेळ 'कापा' नावाच्या गुणांकाने मोजतात. नुसती टक्केवारी का घेत नाहीत? समजा, दोन परीक्षक प्रत्येकी शंभरांपैकी दहा जणांना 'आजार आहे' म्हणतात. दोघांनी डोळे मिटून चिठ्ठ्या टाकल्या तरी त्यांचे ८२ जणांबाबत एकमत होईल, कारण दोघेही बहुतेकांना 'नाही'च म्हणत आहेत. प्रत्यक्षात ९० जणांबाबत एकमत झाले, तर योगायोगापलीकडचे एकमत आठच. आणि ते होण्याला वाव होता अठराचा. आठ भागिले अठरा म्हणजे ०.४४. ऐकायला नव्वद टक्के, पण खरा मेळ बेताचाच. या कसोटीवर ०.७८ म्हणजे चोख काम मानले पाहिजे.

बी.एड.च्या अभ्यासक्रमात आपण सर्वांनी चाचणीचे दोन गुण शिकलेले आहेत: विश्वसनीयता आणि सप्रमाणता. तोच पेपर पुन्हा तपासला तर तेवढेच गुण पडतात, ही झाली विश्वसनीयता. जे मोजायचे म्हटले तेच तो पेपर मोजतो, ही सप्रमाणता. वरच्या तपासण्यांनी विश्वसनीयता सिद्ध झाली. सप्रमाणतेसाठी संशोधकांनी रुग्णाचे उत्तर आणि डॉक्टरांचे निदान यांची तुलना केली. तेथे कापा ०.५९ ते १ असा आला. म्हणजे डॉक्टरांनी जे सांगितले ते रुग्णांना बऱ्यापैकी ठाऊक होते.

आमचा आक्षेप नेमका येथे आहे. रुग्णाचे उत्तर आणि डॉक्टरांची नोंद या दोन स्वतंत्र साक्षी नव्हेत. ज्या आजाराचे निदान कधी झालेच नाही, तो रुग्णाला ठाऊक नाही आणि डॉक्टरांच्या कागदावरही नाही. दोघेही 'नाही' म्हणतील, दोघांचे एकमत होईल, आणि ते एकमत गुणांकात जमेच्या बाजूला जाईल. प्रयोगशाळेत एखादे उपकरण वापरण्यापूर्वी आम्ही त्याचे अंशशोधन करतो, ते त्या उपकरणापासून स्वतंत्र अशा मानकाशी. त्याच कारखान्यात, त्याच साच्यातून निघालेल्या दुसऱ्या उपकरणाशी ते जुळले तर दोन्ही सारखी आहेत एवढेच कळते. बरोबर आहेत हे कळत नाही.

श्रीमंतांना आजार जास्त?

हा केवळ तात्त्विक आक्षेप नाही. २०१५ साली या गटाने ओडिशातील ४० आरोग्य केंद्रांतील १,६४९ प्रौढ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुव्याधीचे प्रमाण एकंदर २८.३ टक्के, सर्वांत तरुण गटात ५.८ टक्के आणि सर्वांत वृद्ध गटात सुमारे ४५ टक्के. वयाबरोबर आजार वाढतात. यात नवल नाही. नवल पुढे आहे. जास्त शिकलेल्यांत आणि जास्त मिळकत असणाऱ्यांत बहुव्याधी अधिक आढळली.

आता स्कॉटलंडकडे पाहा. तेथे २०१२ साली ३१४ दवाखान्यांतील सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या संगणकीय नोंदी ४० आजारांच्या यादीने तपासल्या गेल्या. बहुव्याधी २३.२ टक्के; आणि सर्वांत गरीब वस्त्यांत ती श्रीमंत वस्त्यांपेक्षा दहा ते पंधरा वर्षे आधी सुरू होते असे दिसले. एकीकडे गरिबी आजार वाढवते, दुसरीकडे श्रीमंती वाढवते, असे कसे?

ओडिशातील श्रीमंतांचे खाणे आणि बैठे काम यांमुळे त्यांना काही आजार जास्त होत असतील, हे एक उत्तर आहे आणि ते काही अंशी खरेही असेल. पण दुसरे उत्तर नजरेआड करता येत नाही. स्कॉटलंडमध्ये जवळजवळ प्रत्येक नागरिकाचे नाव एखाद्या डॉक्टरकडे नोंदलेले असते आणि त्याला तपासणीसाठी खिशात हात घालावा लागत नाही. आपल्याकडे तपासणी करून घ्यायला पैसा, सवड आणि कोणीतरी 'तपासून घ्या' म्हणणारे लागते. शिकलेल्या, पैसेवाल्या माणसाच्या रक्तातली साखर तपासली जाते म्हणून ती सापडते. मजुराची तपासलीच जात नाही. तेव्हा प्रश्नावलीने मोजले ते आजार, की निदान?

अमर्त्य सेन यांनी २००२ साली याच विसंगतीकडे लक्ष वेधले होते. केरळात आयुर्मान देशात सर्वांत जास्त, आणि 'मी आजारी आहे' असे सांगणाऱ्यांचे प्रमाणही सर्वांत जास्त. बिहारात आयुर्मान कमी, आणि आजार सांगणारेही सर्वांत कमी. केवळ सांगण्यावर विसंबले तर बिहारला केरळपेक्षा निरोगी म्हणावे लागेल.

न झालेले निदान बहुव्याधीच्या मोजणीला साध्या मोजणीपेक्षा जास्त दगा देते, हे गणिताने दाखवता येते. वरच्याच कल्पित गावात दहा आजारांच्या यादीने खरी बहुव्याधी २६ टक्के होती. आता प्रत्येक आजाराच्या निम्म्याच रुग्णांचे निदान झाले आहे असे धरा. एकेका आजाराचे प्रमाण १० वरून ५ टक्क्यांवर, म्हणजे निम्म्यावर येईल. बहुव्याधी मात्र निम्म्यावर येत नाही, ती ८.६ टक्क्यांवर, म्हणजे एक-तृतीयांशावर घसरते. कारण उघड आहे. बहुव्याधी नोंदली जायला निदान किमान दोन वेळा व्हावे लागते. नाणे एकदा चुकले तरी माणूस यादीतून बाहेर. एखाद्याच्या सर्व आजारांचे निदान एकदमच होत असेल तर घसरण इतकी होणार नाही. पण एकेका आजारासाठी वेगळ्या ठिकाणी जावे लागते तेथे ती अशीच होणार. म्हणून जिथे सेवा तोकडी, तिथे बहुव्याधीचा आकडा सर्वांत फसवा. जिंतूरच्या एखाद्या डोंगरी गावात तो कमी निघाला तर आनंद मानण्याआधी तेथे किती जणांचा रक्तदाब गेल्या वर्षभरात मोजला गेला, हे विचारले पाहिजे.

शब्दांचा घोळ

प्रश्नावली मराठीत आणताना आणखी एक फट राहते. 'तुम्हांला उच्च रक्तदाब आहे का?' हा प्रश्न छापील मराठीत निर्दोष आहे. पण घरात शब्द आहे 'बीपी', आणि 'मला बीपी आहे' म्हणणाऱ्या कित्येकांना 'बीपी कमी होते, चक्कर येते' असे म्हणायचे असते. ज्याची गोळी चालू आहे तो 'आता नाही' म्हणू शकतो, कारण गोळीने बरे वाटते म्हणजे आजार गेला अशी त्याची समजूत असते. गुडघे धरणे, कंबर जाणे, अंधारी येणे, मन न लागणे यांना पुष्कळांच्या लेखी आजार म्हणतच नाहीत. ते वयाचे किंवा नशिबाचे भोग. 'नैराश्य आहे का?' या प्रश्नाला होकार देणारी व्यक्ती विरळा. 'रात्री झोप लागते का, कामात जीव रमतो का?' असे विचारले तर चित्र बदलते. तेव्हा भाषांतर शब्दाचे करून भागत नाही. आशाताई, सिस्टर आणि गावातील माणसे यांच्यासोबत बसून प्रत्येक प्रश्न बोलीत घासून घ्यावा लागतो.

दोन म्हणजे दोनच का?

चौथी अडचण बेरजेची. मोतीबिंदू अधिक गुडघेदुखी दोन; क्षय अधिक मधुमेहही दोनच. मोजणीत दोन्ही सारखे. आजारांना भार देण्याचा एक मार्ग मेरी चार्लसन यांनी १९८७ साली दाखवला. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात दाखल झालेल्या ५५९ रुग्णांपैकी वर्षभरात कोण दगावले हे पाहून त्यांनी १९ आजारांना १, २, ३ किंवा ६ असे गुण दिले. हा निर्देशांक जगभर वापरला जातो आणि त्याच्या कामापुरता तो उत्तम आहे. पण तो मृत्यूचा अंदाज बांधतो. उच्च रक्तदाब त्या मूळ यादीत नाही. झिजलेले गुडघेही नाहीत. गुडघ्यांनी माणूस मरत नाही. पण शेतात खाली बसता येत नाही, आणि खाली बसता आले नाही तर खुरपणीची मजुरी जाते. प्राथमिक केंद्रात मोजायचा आहे तो आजारांचा जगण्यावरील बोजा. त्यासाठी मरणाचा तराजू चालणार नाही.

मग काय करावे?

सुदैवाने चांगल्या मोजणीचे नमुने महाराष्ट्राबाहेर शोधायला नकोत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे ७२,००० भारतीयांची पाहणी केली. तीत 'डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का?' असे विचारलेच, शिवाय रक्तदाब प्रत्यक्ष मोजला, फुप्फुसांची क्षमता व दृष्टीही तपासली. त्याआधी जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्येष्ठांविषयीच्या पाहणीत महाराष्ट्रासह सहा राज्ये होती. त्या पाहणीत दमा, सांधेदुखी, नैराश्य यांसाठी लक्षणे विचारून निदान न झालेले रुग्णही शोधले गेले. सांगितलेले आणि मोजलेले शेजारी शेजारी ठेवले की त्यांतील फरक हाच सेवेच्या उणिवेचा आकडा ठरतो. तो लपवण्याऐवजी छापला पाहिजे.

यावरून तालुका पातळीसाठी काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, आजारांची यादी आधी ठरवून टक्केवारीच्या शेजारी छापावी. तीत गुडघे, दृष्टी, श्वास आणि मन यांना जागा असावी. दोन, जे मोजता येते ते विचारू नये, मोजावे. रक्तदाब आणि साखर यांना फार वेळ लागत नाही. तीन, आजारांच्या संख्येबरोबर बोजाही नोंदवावा: दिवसाला किती गोळ्या, महिन्यात किती फेऱ्या, किती मजुरी बुडाली. चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, हिशेब माणसाचा ठेवावा.

आपल्या आरोग्यव्यवस्थेची घडण आजारवार आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ चा, मानसिक आरोग्याचा १९८२ चा, कुष्ठरोग निर्मूलनाचा १९८३ चा. मधुमेह, हृदयविकार आदींचा २०१० चा. प्रत्येकाची नोंद वेगळी, अहवाल वेगळा आणि उद्दिष्ट वेगळे. या कार्यक्रमांनी मोठी कामे केली आहेत. परंतु चार नोंदवह्यांत चार वेळा आलेली एकच बाई बेरजेत चार रुग्ण होते आणि तिची बहुव्याधी कोठेच दिसत नाही. गावपातळीवरच्या सुधारित अर्जात क्षय व कुष्ठाची लक्षणे, वृद्धांच्या अडचणी आणि मनःस्थिती यांविषयी प्रश्न आले आहेत. व्यक्तीवार संगणकीय नोंदीही सुरू झाल्या आहेत. म्हणजे माहिती आता एका माणसाभोवती गोळा होऊ लागली आहे. ती पुढे अहवालात पुन्हा आजारवार फुटू नये, एवढेच पाहायचे आहे. कारण औषधांचा साठा, कर्मचारी आणि निधी हे शेवटी अहवालातील आकड्यांच्या मागे जातात. जी गरज आकड्यात नाही, तिच्यासाठी गोळी मागवली जात नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

आठवी-नववीच्या वर्गात हे सारे एका तासात दाखवता येते. तीस कार्डे करा. प्रत्येकावर एका काल्पनिक माणसाचे खरे आजार लिहा. (खऱ्या शेजाऱ्यांचे किंवा घरच्यांचे आजार मुलांना लिहायला लावू नयेत, ती त्यांची खाजगी बाब आहे.) एका गटाला पाच आजारांची यादी द्या, दुसऱ्याला बारांची, आणि दोघांना बहुव्याधीची टक्केवारी काढायला सांगा. मग प्रत्येक आजारासाठी नाणे उडवा. काटा पडला तर 'निदान झाले नाही' म्हणून तो आजार खोडा आणि टक्केवारी पुन्हा काढा. शेवटी काही कार्डांवर 'दवाखाना दूर' असा शिक्का मारून ती बाजूला काढा आणि उरलेल्यांची टक्केवारी घ्या. तीस कार्डांतून चार-पाच वेगवेगळी उत्तरे फळ्यावर येतील. यांपैकी खोटे कोणते, असे मुले विचारतील. बेरीज एकाही गटाची चुकलेली नसेल. प्रत्येक उत्तराशेजारी 'कोणती यादी, कोणी मोजले, कोण राहून गेले' हे तीन शब्दप्रयोग लिहायला लावा. मग तीच मुले वर्तमानपत्रातील पुढची टक्केवारी वाचताना हे तीन प्रश्न आपणहून विचारतील.